अकरा पांढरे फॉर्म

शहरातल्या पाच शाळा त्या बाईंच्या वाट्याला होत्या आणि आठवड्याचे कामाचे वारही पाचच. त्यामुळे शिक्षण कार्यालयातल्या कुणा हुशार माणसाने एका शाळेला एक वार असं वाटून टाकलं होतं. पोरांनी त्यावरूनच नाव पाडलं. सोमवारच्या शाळेत त्या सोमवारच्या बाई, मंगळवारच्या शाळेत मंगळवारच्या. हुद्दा समुपदेशकाचा, पण तो शब्द पोरांच्या तोंडात बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांच्याही नाही. घरी नवरा म्हणायचा, मी म्हणजे तुझी रविवारची शाळा, पण माझा फॉर्म काही कुणी भरून घेत नाही. बाई हसायच्या. ज्या मंगळवारची ही गोष्ट आहे, त्या दिवशी त्याने हा विनोद केला असता तर समोरचं ताट त्याच्या अंगावर गेलं असतं.

मंगळवारच्या शाळेत त्यांना खेळाच्या सामानाची खोली दिली होती. एका भिंतीला उंच उडीची गादी, तिचा स्पंज कोपऱ्यातून बाहेर आलेला. जाळीत हवा गेलेले चेंडू. आणि एक वजनकाटा, त्यावर कुणीही उभं राहिलं तरी तो एकोणचाळीस किलोच दाखवायचा. पोरं आली की आधी काट्यावर उभी राहायची, खिदळायची, मग गादीवर मांडी घालून बसायची आणि हळूहळू बोलायला लागायची. त्या काट्याने जेवढी तोंडं उघडली तेवढी कार्यालयाच्या कुठल्या प्रशिक्षणाने उघडली नसतील.

कार्यालयाचं कौतुक वेगळंच. तिथल्या साहेबांनी एक फॉर्म काढला होता. दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चेहरे, खदाखदा हसणाऱ्यापासून ढसाढसा रडणाऱ्यापर्यंत. रात्री झोप लागते का, शाळेत यावंसं वाटतं का, मनातलं सांगायला कुणी आहे का. मुलाने चेहऱ्यावर खूण करायची. या कर्तबगारीमुळे साहेबांचं नाव शहरभर ‘चेहरेवाले साहेब’ पडलं होतं. रडके चेहरे सहाच्या वर गेले की मुलाच्या नावापुढे लाल खूण. एका शाळेत पाचपेक्षा जास्त लाल खुणा झाल्या की शाळा लाल.

आता लाल शाळेचं काय करायचं? तुम्हाआम्हाला वाटेल, तिथे माणसं वाढवायची. छे. ‘समुपदेशनाचा परिणाम दिसून येत नाही’ असा शेरा मारून तिथला बाईंचा वार काढून घ्यायचा. आणि जिथे सगळे हसरे, तिला दारावर लावायला ‘आनंदी शाळा’ अशी पाटी द्यायची, वर आठवड्याला दोन वार. म्हणजे तापाने फणफणलेल्याचा डॉक्टर उचलायचा आणि ठणठणीत माणसाच्या उशाशी दोन बसवायचे. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला दर महिन्याला पगार मिळतो.

तर त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास हेडसरांनी बाईंपुढे गोषवारा ठेवला. आदल्या मंगळवारी सगळ्या शाळेने फॉर्म भरले होते, आता बाईंची सही झाली की चारच्या आत कागद कार्यालयात. लाल खुणा दोन. बाईंनी पेन काढलं आणि तसंच धरून ठेवलं. दोन? गादीवर बसून रडून गेलेलीच सहा-सात तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा मागितला. हेडसर म्हणाले, कशाला उगीच, सगळं तपासलंय. पण बाईंनी गठ्ठा ओढून घेतलाच.

त्यांना फार शोधावं लागलं नाही. कार्यालयातून आलेले फॉर्म पिवळट, खरबरीत कागदाचे होते, बोट फिरवलं तर कुसळासारखे लागणारे. त्यांच्यामध्ये अकरा फॉर्म पांढरेशुभ्र होते. छापील संपले म्हणून शाळेच्या मशीनवर काढलेल्या प्रती. त्या अकराही फॉर्मवर वरपासून खालपर्यंत एकच चेहरा, खदाखदा हसणारा. दहा प्रश्नांना दहा हसू. काहींनी तर नीट पट्टी लावून रेघ ओढल्यासारख्या एकाखाली एक खुणा केल्या होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ते अकरा कागद हेडसरांच्या टेबलाच्या काचेवर आपटले आणि विचारलं, हा काय प्रकार आहे. हेडसर माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती. निर्लज्ज असता तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शांतपणे सांगून टाकलं. लाल तेरा झाले होते. अकरांचे परत भरून घेतले. दोन ठेवले, कारण अगदीच शून्य दिसलं तर कुणाला खरं वाटत नाही.

मग बाईंनी नववी ब-च्या वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं. अकरातली चार मुलं तिच्या वर्गातली. ती तरुण होती, नोकरीला दुसरंच वर्ष, मुलांवर जीव टाकणारी. बाई तिला धाकट्या बहिणीसारखं वागवायच्या, म्हणून तर जास्तच लागलं. बाईंनी तिला नको नको ते ऐकवलं. पोरांच्या जिवाशी खेळताना हात कसा कापला नाही, तुझ्या पोटच्या पोराचा फॉर्म असाच भरून घेतला असतास का. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली,

“ताई, तुमचा वार जाऊ नये म्हणून केलं. मुलांनाही तेच सांगितलं. बाई हव्यात ना, मग नीट भरा.”

वर्गशिक्षिकेने आणखी एक सांगितलं, अगदी हळू आवाजात, दोष द्यायचा म्हणून नव्हे. दुसऱ्या फेरीची पद्धत तुम्हीच पाडलीत, ताई.

आणि ते खोटं नव्हतं. गेल्या वर्षी फॉर्मच्या दिवशीच सकाळी परीक्षेचा निकाल लागला होता आणि एका वर्गाने रागारागाने रडक्या चेहऱ्यांची रांगच लावली होती. बाईच तेव्हा स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या, ज्या दिवशी पोरांचं मन ठिकाणावर नाही त्या दिवशीचा फॉर्म धरू नका, चार दिवसांनी परत भरून घ्या. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि बाईंना आपण किती समजूतदार असं वाटलं होतं. अहो बाई, मन ठिकाणावर नाही हेच शोधायला तो फॉर्म होता ना? एवढी साधी गोष्ट पंधरा वर्षं नोकरी करून कळू नये? हे त्यांनी त्या दिवशी स्वतःला इतक्या वेळा विचारलं की त्याची गणती नाही.

त्यांनी जुने फॉर्म मागितले. हेडसर म्हणाले, फाडले. वर्गशिक्षिकेने पर्स उघडली आणि चार घडी घातलेले पिवळट कागद टेबलावर ठेवले. तिच्याच्याने ते फाडवले नव्हते. बाईंनी एकेक उलगडला. चौथा मुंगीचा होता.

मुंगी हे तिला वर्गाने दिलेलं नाव. अंगापिंडाने एवढीशी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, एका रेघेत येणार आणि एका रेघेत जाणार. ती बाईंकडे दोनदाच आली होती. काट्यावर उभी राहिली, एकोणचाळीस बघून हसली, गादीवर बसली आणि अभ्यासाचं काहीतरी विचारून गेली. तिच्या फॉर्मवर नऊ रडके चेहरे होते. आणि अगदी खाली, जिथे ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ असं छापलेलं असतं आणि जिथे सगळी मुलं ‘नाही’ लिहितात, तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती.

‘मंगळवार फार लांब असतो.’

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. ती लिहून आठ दिवस झाले होते. त्यांनी विचारलं, पोरगी आज वर्गात आहे का. वर्गशिक्षिकेचा चेहरा उतरला. शुक्रवारपासून आली नव्हती.

मग बाई थांबल्या नाहीत. समुपदेशकाने शाळेच्या वेळात आवाराबाहेर जायचं तर कार्यालयाची लेखी परवानगी लागते, असा एक नियम होता. हेडसरांनी तो भीतभीत काढला. बाईंनी तो ऐकता ऐकताच पर्स खांद्याला लावली. वर्गशिक्षिकेने आपला तास दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातला आणि दोघी निघाल्या.

घर फार लांब नव्हतं, बसने तीन थांबे आणि मग चढाची गल्ली. वाटेत वर्गशिक्षिकेने तिला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मुंगीची आई दुसऱ्या गावी एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला गेलेली, सहा महिन्यांच्या बोलीवर. बाप कधीचाच नाही. मुंगी मावशीकडे राहते. मावशी दिवसभर कामावर आणि तिची दोन लहान मुलं मुंगीच्या अंगावर. आणि हे मला कुणी सांगितलं नाही, असं बाईंना ओरडावंसं वाटत होतं, पण कुणाच्या अंगावर ओरडणार? आठवड्यातल्या एका दिवशी येणाऱ्या बाईला कोण काय काय सांगेल? जिन्याचे तीन मजले त्या इतक्या भरभर चढल्या की दारापाशी पोहोचल्यावर त्यांना दार वाजवायलाही दम राहिला नव्हता.

दार मुंगीनेच उघडलं. बाईंनी आधी तिला नखशिखांत बघून घेतलं.

मुलीचे केस विंचरलेले नव्हते आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. मागे दोन लहानगी जमिनीवर डबे मांडून खेळत होती. तिने दोघींना आत घेतलं, खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी दिलं, सगळं अगदी मोठ्या बाईसारखं. तब्येत बरी नाही म्हणून आले नाही म्हणाली. तसं काही नाही, उद्या येईन. मग वर्गशिक्षिकेकडे बघून घाईघाईने सांगितलं, बाई, मी तो फॉर्म परत भरला होता, सगळा नीट भरला होता. आपलं काही चुकलं म्हणून या घरी आल्यात, असं तिला वाटलं होतं.

बाईंनी पिवळट कागद काढून तिच्यापुढे धरला आणि विचारलं, हे तू लिहिलंस ना, मग काय होतंय ते मला सांग. मुंगीने कागद ओळखला. मग तिने एकदा वर्गशिक्षिकेकडे आणि एकदा बाईंकडे पाहिलं आणि सरळ आवाजात विचारलं,

“खरं सांगू की बरोबर सांगू?”

वर्गशिक्षिका उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ तसाच चालू राहिला. बाई मुंगीजवळ जमिनीवर बसल्या.

“खरं,” त्या म्हणाल्या. “मला खरं सांग. त्याचं काय व्हायचं ते मी बघते.”

मग ती बोलली. एका दमात नाही, तुकड्या तुकड्यांनी, मधेच उठून धाकट्याचं नाक पुसून. रात्री झोप लागत नाही. आईचा फोन येतो तेव्हा बरं आहे म्हणते, कारण नाहीतर आई काम सोडून येईल. सकाळी उठवत नाही. आताशा वाटतं की कधी उठूच नये. हे कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं म्हणून फॉर्मवर खूण केली. फॉर्म परत आला. म्हणजे असं वाटणं चूक असणार, असं तिने धरून चाललं.

बाई त्या दिवशी एकदाच रडल्या असत्या तर त्या इथे. पण रडायला वेळ कुणाला होता? त्यांनी मावशीला कामावरून बोलावून घेतलं, आईला फोन लावला आणि सगळं स्पष्ट सांगितलं, काही गोडगोड न करता. मुलीला त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे रांग होती. खिडकीवरचा माणूस पुढच्या महिन्याची तारीख द्यायला लागला तेव्हा बाईंनी खिडकीत असा आवाज चढवला की आतून डॉक्टरच बाहेर आल्या. त्यांनी मुलीला लगेच तपासलं, पुढचे काही दिवस तिला एकटं ठेवायचं नाही असं मावशीला बजावलं, औषध आणि दर आठवड्याची वेळ लिहून दिली. मुंगीची आई दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पोहोचली, ती परत गेली नाही.

बाई शाळेत परतल्या तेव्हा पावणेचार झाले होते. हेडसर गोषवारा घेऊन बसलेलेच होते. मुलगी कशी आहे हे त्यांनी आधी विचारलं, हे मान्य करायला हवं. मग म्हणाले, बाई, आता एकीचं मार्गी लागलं, उरलेल्या बारा जणांचा विचार करा. तेरा लिहिलेत की शाळा लाल. तुमचा वार गेला की त्या बारा जणांना कोण बघणार? सही करा, आणि बघू त्यांच्याकडे आपण आपल्या पद्धतीने. कुणाला कळणार आहे?

हे बोलणं बाईंच्या जिव्हारी लागलं, कारण त्यात तथ्य होतं. खोटं लिहिलं तर मुलं त्यांच्याजवळ राहणार होती आणि खरं लिहिलं तर जाणार होती. कुणीतरी लांब बसून, चहाचे घोट घेत घेत, हा डाव मांडला होता, आणि हेडसर, ती पोरसवदा वर्गशिक्षिका आणि त्या स्वतः इथे एकमेकांच्या उरावर बसले होते. पण दुपारीच त्यांनी एका पोरीला सांगितलं होतं, खरं सांग. चार तासही झाले नव्हते त्याला. त्यांनी ‘दोन’वर काट मारली, शेजारी ‘तेरा’ लिहिलं आणि इतक्या जोरात सही केली की कागद फाटला.

तेवढ्याने त्यांचा राग शमला नाही. त्यांनी तिथूनच चेहरेवाल्या साहेबांना फोन लावला. साहेब अत्यंत गोड बोलायचे. म्हणाले, बाई, तुम्ही गैरसमज करून घेताय, लाल शाळेला आपण वाऱ्यावर सोडत नाही, तिथे आपण खास पथक पाठवतो. बाईंनी विचारलं, पथकात कोण कोण आहे. साहेब म्हणाले, पथकाची भरती अजून व्हायची आहे. बाईंनी त्यांना सांगितलं की तुमचा फॉर्म तुम्हीच एकदा भरा, आणि हो, पहिल्याच फेरीत भरा. आणि बाईंनी फोन ठेवून दिला. नोकरी गेली नाही ते नशीब म्हणायचं. किंवा पाच शाळा एका पगारात बघणारी दुसरी बाई त्यांना मिळत नसावी.

बरोबर तीन आठवड्यांनी पत्र आलं. परिणाम दिसून येत नसल्याने सदर शाळेचा वार पुढील आदेश होईपर्यंत स्थगित. तो वार शुक्रवारच्या शाळेला देण्यात येत आहे, तिला ‘आनंदी शाळा’ म्हणून निवडलं होतं. शुक्रवारच्या शाळेचे फॉर्म पांढरे होते का पिवळे, हे बाईंना आता बघायचंच होतं, आणि बघणारच होत्या.

शेवटच्या मंगळवारी त्यांनी तेरा जणांना एकेक करून बोलावलं आणि खरं कारण सांगितलं. प्रत्येकाला दवाखान्याचा पत्ता, वर्गशिक्षिकेचं नाव आणि आपला स्वतःचा फोन नंबर दिला. नंबर द्यायला नियमाने बंदी होती, पण नियमांचं त्या आता फारसं मनावर घेत नव्हत्या. काही मुलं रडली. एकाने खांदे उडवले, त्याला ही असली माणसं सोडून जायची सवय होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

मुंगी सगळ्यांत शेवटी आली. पुन्हा शाळेत येऊ लागून दोन आठवडे झाले होते. चेहऱ्यावर थोडं तेज होतं, झोप लागत असावी. बाईंनी तिलाही पत्राचं सांगितलं. ती गादीवर बसून ऐकत होती. मग तिच्या लक्षात काहीतरी आलं आणि तिने मान वर केली.

“म्हणजे मी दुसऱ्यांदा लिहिलं तेच राहू दिलं असतं, तर तुम्ही राहिला असता.”

बाईंना उत्तरं पुष्कळ येत होती. तसं काही नसतं गं, तुझा यात काय दोष, मोठी झालीस की कळेल. पंधरा वर्षं त्या असलीच उत्तरं देत आल्या होत्या आणि ती सगळी बरोबर होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “राहिले असते. आणि तू खरं सांगितलंस तेच योग्य होतं.”

मुंगीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढीशी पोरगी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तिचा आवाज चढला. हे कसं चालतं, म्हणाली. खरं सांगायचं आणि वर आम्हीच भोगायचं? कोणी ठरवलं हे? त्याला मुलं आहेत का? ती गादीवरून उठून उभी राहिली होती आणि बाईंनी तिला इतकं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. शांत हो, बस, पाणी पी, असं म्हणायची त्यांना सवय होती. त्यांनी म्हटलं नाही.

मुंगीने दप्तरातून वही काढली, मागचं पान उघडलं आणि पेनाचं टोपण दातांनी ओढलं.

“ज्यांनी ते पत्र पाठवलं त्यांचा नंबर सांगा.”

बाईंनी साहेबांचा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून.